तलावाकाठची कच्ची वाट आणि सत्तरीतली सायकल



मागच्या महिन्यात नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे ६७ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात, रोज तासभर चालतात. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली पाहिल्या आणि तेव्हापासून भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलने वळसा घालायचा ध्यास घेतला आहे. पत्राच्या शेवटी भगिनींनी लिहिले आहे की, घरचे कोणाचेच ऐकत नाहीत, तेव्हा डॉक्टर या नात्याने आपणच आपल्या सदरातून त्यांना ‘नको’ म्हणून सांगावे.

असे ‘नको’ मी एकदा सांगितलेले आहे. त्याचे पुढे काय झाले ते आज लिहितो. ज्यांची ही हकिगत आहे त्यांनी तशी परवानगी दिली आहे. फक्त नाव घालू नका, म्हणाले.

ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आमच्या गावात सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. नोकरीची पहिली काही वर्षे त्यांनी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील एका आश्रमशाळेत काढली. त्या काळी राजूरपर्यंत एसटी आणि पुढे सायकल, असा त्यांचा दर सोमवारचा प्रवास असे. मुरमाचा रस्ता, मागच्या कॅरिअरला बांधलेली पिशवी, हॅण्डलला अडकवलेला डबा. वयाच्या सत्तराव्या वर्षी, हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवून आठ महिने झाले असताना, ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर एकदा सायकल चालवून यावे म्हणतो.” बाहेर पंधरा रुग्ण बसले होते. मी रक्तदाब लिहून घेत असताना मान वर न करताच म्हणालो, “सर, आता हे काय मनात आणलेत? नको.” त्यांनी पुन्हा विचारले नाही. मला वाटले, विषय संपला.

पुढची गोष्ट सांगण्याआधी त्या सायकलीविषयी आणि त्या रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे.

या सायकलीला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीची हलकी चौकट आणि खाली वळलेले हॅण्डल, पण टायर मात्र ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक, आणि चढावर पाय सहज फिरावेत असे हलके गिअर, अशी तिची रचना असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तिचे नाव पुढे जगभर झाले. आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याकडे अशी सायकल तीस-चाळीस हजारांपासून पुढे कित्येक लाखांपर्यंत मिळते. मला मात्र हा सगळा थाट पाहून थोडे हसू येते. आमच्या लहानपणी पोस्टमन, दूधवाले आणि शाळामास्तर हेच करत होते. फरक एवढाच की, त्यांच्या सायकलीला गिअर नव्हते आणि त्याला कोणी खेळ म्हणत नव्हते. तरीही रुंद टायर आणि हलके गिअर या दोन गोष्टी ज्येष्ठांच्या खऱ्या उपयोगाच्या आहेत, हे मान्य करावे लागते. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे मणक्याला आणि मनगटाला बसणारे हादरे कमी होतात. हलक्या गिअरमुळे गुडघ्यावर जोर न देता चढ चढता येतो. हे दोन गुण असलेली साधी, सरळ हॅण्डलची सायकल मिळाली तर ती साठीनंतर अधिक बरी. कारण खाली वळलेल्या हॅण्डलवर वाकले की मान मागे ओढून समोर पाहावे लागते आणि मानेच्या मणक्यांची झीज असणाऱ्यांना ते दहा मिनिटांत नकोसे होते.

आता रस्ता. प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. आमच्या संगमनेर-अकोले भागातला माणूस पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडतो तो आधी हे अकरा टीएमसीचे धरण किती भरले ते पाहण्यासाठी. धरणामागचा जलाशय डोंगरांच्या बेचक्यांत शिरत गेलेला आहे. उत्तरेला कळसूबाईची रांग, नैर्ऋत्येला रतनगड, पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि कड्याखाली कोकण. हा बहुतेक मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेंडी गावातून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, तेथून जंगलातून साम्रद, मग घाटघर, आणि परत उडदावणे, पांजरे, मुरशेत करीत शेंडी, असा पाण्याला वळसा घालणारा हा रस्ता आहे. सगळा मिळून चाळीस ते पन्नास किलोमीटरचा. तो पूर्ण कच्चा नाही. पण येथील पाऊस डांबराला फार काळ टिकू देत नाही. दर वर्षी कुठे खडी उघडी पडते, कुठे मुरूम टाकलेला असतो, कुठे ओढ्याने कड खाल्लेली असते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर निघू नये. शेंडीतील वनखात्याच्या नाक्यावर किंवा चहाच्या टपरीवर ‘पुढे रस्ता कसा आहे’ असे विचारून मगच पुढे जावे.

पावसाळ्यात हा रस्ता ज्येष्ठांसाठी नाही, हे स्पष्टच सांगतो. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि शेवाळलेल्या दगडावर कोणताही ब्रेक लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला येणाऱ्या मोटारींची रात्री एवढी रीघ लागते की, तेव्हाही नको. दिवाळीनंतर भातकापणी उरकत आलेली असते, खाचरांतून पेंढ्या रचलेल्या असतात, वाटेवरची माती बसलेली असते आणि जलाशय भरलेला असतो. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मात्र थंडीत पहाटे निघण्याचा मोह टाळावा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयविकार असणाऱ्यांच्या छातीत त्यामुळे कळ येऊ शकते. ऊन अंगावर आल्यावर, नाश्ता करून, आठ-साडेआठला निघावे. सूर्योदय खोलीच्या खिडकीतूनही छान दिसतो.

सरांनी मला विचारले ते ऑक्टोबरात. नोव्हेंबरच्या एका शनिवारी ते घरी ‘जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचे लग्न आहे’ असे सांगून बाहेर पडले. नातवाची सायकल त्यांनी राजूरकडे जाणाऱ्या टेम्पोत टाकली होती. पुढे शेंडीपासून त्यांनी एकट्याने वळसा घालायला घेतला. सगळे चढ ते व्यवस्थित चढले. पडले ते घाटघरच्या बाजूच्या एका उतारावर. पुढचा ब्रेक दाबला, चाक खडीवर सरकले आणि ते डाव्या अंगावर पडले. कोपर सोलवटले, डोके बाजूच्या मातीच्या बांधावर आपटले. हेल्मेट नव्हते. शुद्ध हरपली नाही, रक्त आले नाही. एका जीपवाल्याने त्यांना सायकलीसकट शेंडीला आणून सोडले.

सोमवारी ते माझ्याकडे आले. लग्नघरात पाय घसरून पडलो, म्हणाले. मी कोपर पाहिले, जखम धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते दोन गोळ्या घेत होते, हे माझ्यासमोरच्या कागदावर लिहिलेले होते. “डोक्याला लागले का?” हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. मी विचारला नाही. आणि त्यांनीही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर लग्नघराची गोष्ट उघडी पडली असती.

अठराव्या दिवशी त्यांच्या सूनबाईंच्या लक्षात आले की, बाबांची डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहते. दोन दिवस सदऱ्याची बटणेही वरखाली लागत होती. दुपारी झोप वाढली होती. वय झाले, असे घरातील बाकीचे म्हणाले. या बाईंनी ऐकले नाही, रिक्षा केली आणि त्यांना घेऊन आल्या. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये, उजव्या बाजूला, रक्ताचा जाड थर साचलेला दिसला. त्याच रात्री नाशिकला नेऊन, कवटीला छिद्रे पाडून ते रक्त काढावे लागले. सर बरे झाले. चौथ्या दिवशी, अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर, त्यांनी सुनेला खरे सांगितले आणि मग मला बोलावून मलाही सांगितले. “तुम्ही नको म्हणालात, म्हणून एकटा गेलो,” असे ते म्हणाले. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अजून टोचते.

हे रक्त असे हळूहळू का साचते, ते समजून घ्या. वयाबरोबर मेंदूचे आकारमान थोडे कमी होते, कवटीशी त्याला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि किरकोळ आपटण्यानेही एखादी शीर झिरपू लागते. रक्त न गोठू देणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते झिरपणे थांबत नाही. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा डोकेदुखी, सुस्ती, एका बाजूचा हलका अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, स्वभावातला बदल यांपैकी काहीतरी दिसू लागते. ते आधी दिसते घरच्या माणसाला, डॉक्टरांना नव्हे. अशा गोळ्या घेणारी ज्येष्ठ व्यक्ती डोक्यावर पडली, तर सायकलवरून पडो की न्हाणीघरात, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, गोळीचे नाव सांगा आणि पुढचे दीड-दोन महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मात्र घाबरून या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने त्या अचानक बंद करणे हे पडण्याइतकेच धोक्याचे आहे.

सहा-सात महिन्यांनी सर पुन्हा आले. तोवर हृदयरोगतज्ज्ञांनी दोनपैकी एक गोळी थांबवली होती, मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी फेरतपासणीनंतर व्यायामाला मोकळीक दिली होती. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “डॉक्टर, पुन्हा विचारतो.” सूनबाई शेजारी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. या वेळी मी दवाखाना संपल्यावर त्यांना परत बोलावले आणि अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात जे केले तेच, पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, आपल्या सासऱ्यांसाठी आपल्या डॉक्टरांकडून करून घ्या, अशी माझी विनंती आहे.

पहिला प्रश्न हृदयाचा. दोन मजले जिने चढताना किंवा भरभर चालताना छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा अधिक धाप, घेरी यांपैकी काही होते का? होत असेल, तर आधी तपासण्या, सायकल नंतर. स्टेंट वा बायपास झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी. ज्यांना काहीच त्रास नाही आणि जे रोज चालतात, त्यांना प्रत्येक वेळी ट्रेडमिलवर पळवलेच पाहिजे असे नाही. नाडीच्या ठोक्यांचे घड्याळ आजकाल मुले वडिलांना भेट देतात. पण मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच फारसे वाढत नाहीत, तेव्हा घड्याळ ‘सर्व ठीक’ सांगत राहते आणि माणूस थकलेला असतो. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर गिअर हलका करा किंवा उतरून चाला.

आता माझे खरे म्हणणे सांगतो. घरच्यांना भीती चढाची वाटते. बाबा दमतील, हृदयावर ताण येईल. ती भीती अगदीच खोटी नाही. पण चढावर शरीर स्वतःच बोलते, पाय भरून येतात, धाप लागते आणि माणूस थांबतो. उतारावर शरीर काहीच बोलत नाही. वारा लागतो, बरे वाटते, वेग वाढतो आणि पुढे खडी येते. तेथे लागते ती हाताची पकड, नजर, तोल आणि झटकन प्रतिसाद देण्याची क्षमता; आणि या चारही गोष्टी वयाबरोबर हळूहळू, आपल्या नकळत, कमी होत असतात. सरांच्या बाबतीत चढाने काहीच बिघडवले नव्हते.

म्हणून मी त्यांना भिंतीजवळ उभे करून एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले. उजव्या पायावर राहिले, डाव्यावर चार सेकंदांत भिंत धरली. हे घरी करताना कोणीतरी शेजारी उभे राहावे. दोन्ही पायांवर दहा सेकंद जमेपर्यंत सायकल फक्त सपाट, मोकळ्या जागेत, असे ठरले. रोज दात घासताना ओट्याला धरून एका पायावर उभे राहायचे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठायचे, एवढाच सराव. अडीच महिन्यांत डावा पाय दहा सेकंदांवर आला.

चष्म्याचा मुद्दा मला स्वतःला उशिरा सुचला. सरांचा चष्मा दुहेरी भिंगाचा होता. वरून दूरचे, खालून वाचनाचे. सायकलवर खाली पाहिले की समोरचा दगड वाचनाच्या भिंगातून दिसतो, म्हणजे धूसर आणि चुकीच्या अंतरावर. त्यात साम्रद-रतनवाडीच्या जंगलात झाडांच्या सावल्या रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडतात. मोतीबिंदू असेल तर सावली कोणती आणि खड्डा कोणता हे कळत नाही. सरांना केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यायला लावला. खर्च फार नाही आला.

औषधांची यादी समोर ठेवून बोलणे आवश्यक आहे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल, तर घामाबरोबर अंगातील पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. आणि उतारवयात तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट-दोन घोट पाणी प्यावे. ज्यांना हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर किंवा सायकलवरून उतरल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते. बराच वेळ पायडल मारून थांबले की रक्त पायांत साचते. तेव्हा उतरण्याआधी दोन-तीन मिनिटे हलक्या गिअरवर पाय फिरवत यावे आणि उतरल्यावर सायकल धरून क्षणभर उभे राहावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल, तर साखर वाटेत उतरू शकते, आणि त्याच रात्री झोपेतही उतरू शकते, हे सोबतच्या माणसाला ठाऊक हवे. त्या दिवशीची मात्रा कमी करायची का, हे आधीच विचारून ठेवा. इन्शुलिन मांडीत न घेता पोटावर घ्यावे, कारण चालत्या मांडीतून ते लवकर रक्तात उतरते. हात थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे गरगरणे असे वाटले की लगेच थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे, पंधरा मिनिटे बसायचे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच. चिक्की खिशात असणे चांगलेच, पण चिक्कीतील दाण्यांमुळे साखर हळू चढते. अशा वेळी साधी साखरच हवी.

गुडघेदुखीवाल्यांना मी सायकल आवर्जून सांगतो, कारण शरीराचे वजन सीटवर जाते. फक्त सीटची उंची नीट हवी. पाय जमिनीला टेकावेत म्हणून ज्येष्ठ मंडळी सीट फार खाली करून घेतात, मग गुडघा फार वाकतो आणि वाटीमागे दुखू लागते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. एवढ्या उंचीवर चढ-उतार करायची भीती वाटत असेल, तर मधला दांडा खाली असलेली, पूर्वी जिला ‘लेडीज सायकल’ म्हणत ती चौकट घ्यावी. पुरुषांनीही घ्यावी, त्यात कमीपणा कसला? हाडे फार ठिसूळ झालेल्यांनी आणि मणका पूर्वी दबलेल्यांनी मात्र खडीचा रस्ता घेऊ नये, त्यांच्यासाठी डांबरीच बरा. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर हॅण्डलवरचा तळहाताचा दाब बदलावा, हातमोजे घालावेत. मोटार जोडलेल्या सायकलीविषयी पुष्कळजण विचारतात. चढावर ती मदत करते, हे खरे. पण ती वीस किलोंच्या पुढे भरते, आणि उतारावर तेच वजन तुमच्या अंगावर येऊ शकते. घ्यायची असेल तर आधी आठ-पंधरा दिवस घराजवळच्या मैदानात चालवून पाहावी.

यंदाच्या जानेवारीत आम्ही गेलो. सूनबाई मोटार घेऊन मागे, मी माझ्या जुन्या सायकलवर, सर हेल्मेट घालून पुढे. पूर्ण वळसा घालायचा नाही, हे आधीच ठरले होते. शेंडीहून मुतखेलमार्गे कोलटेंभ्यापर्यंतचा टप्पा सायकलने, पुढे रतनवाडीपर्यंत मोटारीने, आणि घाटघरची बाजू या वेळी नाहीच. अशी तुकड्यातुकड्यांनी जाण्याची सोय या रस्त्याला आहे, हा त्याचा मोठा गुण. प्रत्येक गावापाशी थांबता येते. त्याचा अवगुणही सांगितला पाहिजे. मधल्या पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते आणि मोठे रुग्णालय म्हणजे नाशिक किंवा संगमनेर, दोन्ही तास-दीड तासावर किंवा त्याहून दूर. म्हणून एकट्याने नाही, हा नियम तरुणांनाही लागू. खिशात औषधांची यादी, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. मोबाइलला कुलूप असते, कागदाला नसते. निघताना परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावी. रेंज असेल तेथून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

उजव्या हाताला पाणी होते, समोर रतनगडाचा माथा. सर फारसे बोलत नव्हते. मी मुद्दाम काहीबाही विचारत होतो आणि ते पूर्ण वाक्यात उत्तर देत होते, तेवढे मला पुरे होते. शाळेत असताना पावसाळ्याआधी या भागातील माणसे हिरडा गोळा करून विकत आणि मुले त्या दिवसांत वर्गात येत नसत, हे त्यांनी सांगितले. अर्ध्या वाटेवर एक उतार लागला. रस्त्यावर नवी खडी पसरलेली होती. सर थांबले, उतरले आणि सायकल हाताने धरून चालू लागले. मीही उतरलो. मागे मोटारीतून सूनबाईंनी हॉर्न वाजवला नाही, की खिडकीतून काही सूचनाही केली नाही; त्या तशाच हळूहळू मागून येत राहिल्या. तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आम्हाला मागे टाकून उतारावरून सुसाट गेला. त्याच्या सायकलीला ब्रेक नव्हते, तो चप्पल मागच्या चाकाला घासून वेग आवरत होता. सर त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आमच्याही नव्हते.”

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. सरांनी गोळी वेळेवर घेतली. परत येताना ते मोटारीत बसले आणि सायकल टपावर बांधली. एकूण सायकल झाली ती दहा-बारा किलोमीटर. घाटघरची बाजू कधी, असे त्यांनी मला अजून विचारलेले नाही. विचारतील तेव्हा आधी डावा पाय पाहू.

तेव्हा भगिनी, आपल्या सासऱ्यांना मी ‘नको’ म्हणणार नाही, आणि न तपासता ‘जा’ही म्हणणार नाही. त्यांना या पंधरवड्यात आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा, सोबत चष्मा आणि औषधांचा डबा असू द्या, आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्या.